‘मी शोधत नाही मॅडम, ते येतंच’

आईने पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. पोलिसांनी मुद्देमाल सादर करावा तसा. “आठ दिवस कपाटात कुलपात होता मॅडम. तेवढ्यात तिने दोनदा माझा घेतला, एकदा आजीचा. आता तुम्हीच सांगा, कायमचा काढून घेऊ का?”

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न आता आठवड्याला दोन-तीनदा तरी कानावर पडतो. त्याच्या पोटात दुसरा एक असतो, तो उशिरा बाहेर येतो: आमचं कुठे चुकलं? म्हणून ही एक केस जरा सविस्तर सांगते. घरच्यांना विचारून सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलीला मुक्ता म्हणू.

मुक्ता दहावीत. वडिलांचं तालुक्याच्या गावी खतांचं आणि पिकांवरच्या औषधांचं दुकान. आई मोबाइलबद्दल बोलत होती, मला ऐकू येत होतं ते वेगळंच. डबा भरलेला परत येतो. ताटात चपाती मोडून ठेवते आणि काकडी चिवडत बसते. लग्नाकार्याला येत नाही. रात्री दोनला पांघरुणातून उजेड दिसतो. दोन महिने पाळी नाही. हे शेवटचं ऐकल्यावर मी मोबाइल बाजूला सारला आणि त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. वजन बरंच उतरलं होतं, हिमोग्लोबिन कमी होतं. मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांनाही सोबत घेतलं. मूल जेवण टाळत असेल तर एकट्या समुपदेशकाच्या भरवशावर राहू नका, तिथे दिवस वाया घालवून चालत नाही. आईला रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही लिहून दिला.

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. “दिवसाला किती तास बघतेस?” असं विचारलं. “दोन.” खोटं होतं, तिलाही माहीत, मलाही. पुढची अर्धी वेळ ती खुर्चीच्या रेक्झिनचा निघालेला पोपडा सोलत बसली. तासांचा हिशेब घरी रोज मागतातच, तेच ऐकायला तिने माझ्याकडे कशाला यावं?

पुढच्या वेळी मोबाइल तिच्याच हातात दिला. “मला दाखव बरं, तुला काय काय दिसतं ते.” कुठलं ॲप ते सांगत नाही. ती अंगठ्याने वर सरकवत गेली, मी वहीत रेघा मारत गेले. चाळीस व्हिडिओ झाले, त्यातले तेवीस शरीराचे. कंबर, जबड्याची ठेवण, ‘मी दिवसभरात काय खाते’, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. मधेच एखादं मांजर, एखादा विनोद, की पुन्हा कंबर.

“एवढं सगळं शोधतेस तू?”

“एकदाच शोधलं होतं, नववीत. आता मी शोधत नाही मॅडम, ते येतंच.”

आईवडिलांना मी हेच वाक्य सांगते. मूल कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं, काय दोनदा पाहिलं याची नोंद होत असते, आणि जिथे थांबलं त्याच जातीचं पुढे वाढलं जातं. आवडलं म्हणून थांबलं की धस्स झालं म्हणून थांबलं, यंत्रणेला त्याच्याशी देणंघेणं नसतं. शिवाय तळ नाही. पूर्वी पान संपायचं, पुढच्यासाठी बटण दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने कधीच न संपणारं पान बनवलं. पुढे त्याने त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. मुक्ताला हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे मीच ढिली नाहीये?” नाहीस गं.

तिसऱ्या भेटीला वडील आले. माणूस सरळ. “कंपनीला काय बोलायचं मॅडम? ते काय घरी येऊन हातात देतात? घेणारे आपणच.”

मी विचारलं, “तुमच्या दुकानातल्या बाटल्यांवर रंगीत त्रिकोण कशाला हो?”

ते सावरून बसले. विषय त्यांच्या हातचा होता. “लाल म्हणजे सगळ्यात जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. छापावाच लागतो.”

“आणि किती जहाल, ते कोण तपासतं?”

“कंपनी. तपासून सरकारपुढे ठेवायचं, मग नोंदणी. त्याशिवाय विकताच येत नाही.”

मग मी त्यांना फ्रान्सिस हॉगनबद्दल सांगितलं. फेसबुकमधली ही कर्मचारी २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं घेऊन बाहेर पडली. त्यातल्या २०१९ च्या एका सादरीकरणात लिहिलं होतं की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या मनातला स्वतःच्या शरीराबद्दलचा त्रास आपण वाढवतो. ‘आपण’ म्हणजे इन्स्टाग्राम. कंपनीचं म्हणणं असं की या पाहणीचा विपर्यास झाला, बारापैकी अकरा बाबतींत त्रासातल्या मुलींनी उलट बरं वाटल्याचंच सांगितलं होतं. असेल. पण उरलेली बारावी बाब शरीराचीच होती, आणि ते कळल्यावर बाटलीवर त्रिकोण आला नाही.

ब्रिटनमधल्या चौदा वर्षांच्या मॉली रसेलचंही सांगितलं. ती २०१७ मध्ये गेली. मृत्यूआधीच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर जपलेल्या, लाइक किंवा शेअर केलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्येशी संबंधित होत्या. २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने निष्कर्ष नोंदवला की या मजकुराचा तिच्या मृत्यूला किरकोळ म्हणता येणार नाही इतका हातभार लागला. एका बापाने पाच वर्षं त्या निकालाची वाट पाहिली. मुक्ताचे पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर बोलणारे सरकारी प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी जून २०२४ मध्ये समाजमाध्यमांवर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा असावा अशी मागणी केली होती, हे ऐकल्यावर मात्र म्हणाले, “म्हणजे त्रिकोणच की.”

आपल्याकडेही कागदावर काही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर नेमक्या जाहिराती रोखायला बंदी आहे, दंड २०० कोटींपर्यंत. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदींना आणखी अठरा महिन्यांची मुदत दिलीय. तोवर मुक्ता कॉलेजात असेल.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एका खुंट्याला सगळं टांगल्यासारखं होईल. रील पाहणारं प्रत्येक मूल आजारी पडत नाही, आणि नेमका किती दोष समाजमाध्यमांचा यावर संशोधकांचं एकमत नाही. मुक्ताचं दुखणंही मोबाइलमध्ये जन्मलेलं नव्हतं. नववीत असताना मामेभावाच्या लग्नात सगळ्यांसमोर कुणीतरी तिला ‘गोलू’ म्हणून हाक मारली. त्या रात्री तिने तो पहिला शोध घेतला. हे तिने एकत्र भेटीत सांगितलं, खाली बघून. हाक मारणारे तिचे पप्पाच होते. लहानपणापासूनचं लाडाचं नाव. घरात ठिणगी पडली होती हे खरंच, पण घरात ती दोन दिवसांत विझली असती. त्या ॲपने वर्षभर फुंकर घातली.

कायमचा काढून घेण्याच्या मी विरोधात होते. अभ्यासाचे ग्रुप त्यावर, मैत्रिणी त्यावर, आणि चोरून बघणारं मूल अडचणीत सापडलं तर सांगायलाही येत नाही. मुक्ताने माझ्यासमोर बसून नको ती खाती यादीतून काढून टाकली, दर नकोशा व्हिडिओला ‘यात रस नाही’ दाबलं. कंटाळवाणं काम आहे ते, पाऊण तास लागला. रात्रीचं कसं करायचं यावर पप्पांनीच मोहित्यांचे वडगावचं नाव काढलं. कडेगाव तालुक्यातल्या या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावभर टीव्ही-मोबाइल बंद. त्यांची गिऱ्हाइकं आहेत तिथली. “आपण भोंगा कुठला आणायचा?” शेवटी ठरलं, दुकानाचं शटर पडलं की चौघांचे फोन हॉलमधल्या फडताळात. आजीचाही. पहिला आठवडा सगळ्यात जड पप्पांनाच गेला, व्यापाऱ्यांचे मेसेज यायचे.

वजन भरायला सात महिने लागले. मधे दोनदा घसरण झाली, एकदा सराव परीक्षेत, एकदा काही कारण नसताना. आता ती अकरावीत आहे, महिन्यातून एकदा येते. गेल्या खेपेला एक वही घेऊन आली. तक्रार केलेल्या प्रत्येक व्हिडिओची तारीख आणि आलेलं उत्तर, पट्टीने रेघा मारून. सोळा तक्रारी. दोन व्हिडिओ काढून टाकले, चौदांना एकच उत्तर: आमच्या नियमांचा भंग होत नाही, कळवल्याबद्दल धन्यवाद.

पप्पांनी ती वही चाळली आणि मला विचारलं, “माझ्या दुकानाचं लायसन रद्द करायला कृषी अधिकारी येतो. यांच्याकडे कोण येतं?”

मुक्ता म्हणाली, “पप्पा, सतरावी टाकलीये. उत्तर यायचंय.”