डायनिंग टेबलावर काच टाकायचीय, कोणती घेऊ?

प्रश्न: आमच्याकडे आजोबांच्या वेळचं सागवानी डायनिंग टेबल आहे, पाच बाय तीन फुटाचं, कोपरे गोलसर. नुकतंच पॉलिश करून घेतलंय, आता वर काच टाकायचीय. काचवाला म्हणतो साधी १२ एमएम घ्या, जाड काच फुटत नाही, टफनची गरज नाही. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. शिवाय हॉलमधल्या टीपॉयला नुसती लोखंडी फ्रेम आहे, तिला कोणती काच बसवू? – एक वाचक, सांगली

उत्तर: जाड काच फुटत नाही हे अजिबात ऐकू नका. फुटते, आणि साधी काच फुटली की लांब धारदार तुकडे होतात, लहान पोर घरात असताना ही रिस्क कशाला घ्यायची? टफन काच ६०० डिग्रीच्या वर तापवून एकदम गार केलेली असते, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तरी बारीक बारीक खडे होतात. तुमच्या टेबलाला खाली अख्खं लाकूड आहे, म्हणजे भार लाकूडच घेणार, तिथे ६ एमएम टफन म्हणजे साधारण दोन सुताची काच भरपूर झाली. १२ एमएम घेतली तर त्या मापात वजन ४० किलोच्या वर जातं, पुसायला उचलणार कोण!

खरी काळजी मापाची घ्या, कारण टफन केल्यावर काच कापताही येत नाही आणि घासून कमीही करता येत नाही. हाताने बनवलेली जुनी टेबलं बऱ्याचदा काटकोनात नसतात, दोन्ही कर्ण मोजून बघा, सारखे भरले नाहीत तर टेबल काटकोनात नाही. नुसती लांबी-रुंदी फोनवर सांगू नका, टेबलावर जाड ब्राऊन पेपर चिकटपट्टीने ताणून बसवा, कडेवरून पेन्सिल आडवी घासत न्या म्हणजे कोपऱ्यांची गोलाई जशीच्या तशी उमटते, मग त्या रेघेच्या दोन एमएम आतून कापा आणि त्यावर ठळक ‘वरची बाजू’ लिहा, नाहीतर दुकानात कागद उलटा पडला की काच उलट्या आकाराची येते आणि मग ती कशालाच बसत नाही. कडा पॉलिश करून हव्यात हेही ऑर्डर देतानाच सांगायचं.

पॉलिश ताजं असेल तर लगेच काच टाकू नका प्लीज, तीन-चार आठवडे पूर्ण वाळू द्या, नाहीतर काच चिकटते आणि डाग पडतात. चार कोपरे आणि लांब कडांच्या मध्यावर पारदर्शक सिलिकॉनच्या टिकल्या लावा. आमटी-पाणी सांडलं की ते खाली शिरतंच, काच उचलून पुसा, सागवान असलं तरी ओल धरतं.

टीपॉयचं माप तुम्ही लिहिलं नाहीत, पण तीन बाय दोनच्या आसपास असेल तर १० एमएम टफन घ्या, खाली आधार नसल्यामुळे इथे जाडी लागतेच. लोखंड आणि काच थेट टेकू देऊ नका, मध्ये रबर हवं, आणि फ्रेमचे चारही कोपरे एका लेव्हलला आहेत ना ते आधी तपासून घ्या.

काच घरी आली की कोपऱ्यात टफनचा शिक्का आहे का बघा, त्यावर आयएस २५५३ (सेफ्टी काचेचं भारतीय मानक) असेल तर उत्तमच. शिक्का मारून हवा हे आधीच बिलावर लिहून घ्या, आणि तो नसेल तर काच ताब्यात घेऊ नका.