पाडलेल्या घराचा जाब विचारताना

सैन्याने पाडलेल्या घराच्या बातमीचा तुझा ड्राफ्ट वाचला. राग दिसतोय आणि तो बरोबरच आहे, पण पहिल्याच ओळीत 'युद्धगुन्हा' लिहून मोकळा झालास ना, तिथेच समोरच्या वकिलाचं काम सोपं करून ठेवलंस. आधी घर कुणाचं, कुठल्या तारखेला पाडलं, तेव्हा आत सैनिक किंवा हत्यारं होती का, एवढं तरी पक्कं कर. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ५३ नीट वाच, परक्या सैन्याच्या ताब्यातल्या भागात लोकांची मालमत्ता पाडायला बंदी आहे, पण लष्करी कारवाईसाठी अगदीच आवश्यक असेल तर सूट आहे, आणि सगळं भांडण त्या सुटीवरच चालतं. म्हणून विचारायचं काय तर आवश्यक आहे हे ठरवलं कुणी, कधी, कशाच्या जोरावर, ऑर्डर लेखी आहे का. गोळीबार थांबून आठवडे झाल्यावर बुलडोझर आला असेल तर तीच तुझी मेन बातमी.

पुराव्याचा कंटाळा करू नकोस बाबा. काँगोने युगांडाकडे युद्धातल्या नुकसानीचे ११ अब्ज डॉलरच्या वर मागितले होते, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००५ मध्येच युगांडाला जबाबदार धरलं, तरी रक्कम ठरायला २०२२ उजाडलं आणि मिळाले ३२.५ कोटी, त्यात मालमत्तेचे फक्त ४ कोटी. कुणाचं नेमकं किती नुकसान झालं याचे कागद तोकडे पडले हे त्यातलं मोठं कारण. फोटो घेताना ओरिजिनल फाइलच माग, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आला की त्यातली तारीख-लोकेशन उडून जातं. घरपट्टीची पावती, वीजबिल, जे असेल ते जोडून ठेव.

"काही जवानांनी परस्पर केलं" हे उत्तर हमखास येणार. १९०७ च्या हेग करारापासून सैन्याने केलेल्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी सरकारचीच आहे, हे तिथल्या तिथे दाखव. आणि 'मदत' म्हणून पैसे वाटले की विषय संपला असं समजू नको, अशा मदतीत चूक कबूल केलेली नसते बरेचदा. अमेरिकी सैन्याने परदेशात केलेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या अमेरिकेच्या १९४२ च्या फॉरेन क्लेम्स अ‍ॅक्टमध्ये तर लढाईत झालेलं नुकसान बसतच नाही.

"चौकशी चालू आहे" म्हणाले तर कोण करतंय, सैन्याचंच कुणी की बाहेरचं, आणि रिपोर्ट जाहीर होणार का, हे ईमेलवरच विचार, फोनवर नको.

दुसऱ्या पॅरातलं त्या अधिकाऱ्याचं नाव मात्र सध्या काढ, ते एकाच माणसाने सांगितलंय.