हजेरीपटावरचे नाव

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची, म्हणजे शाळेतल्या दिवंगत सोबत्यांच्या आठवणीची निघाली, म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून सारी जागा त्यांनाच दिली आहे. तिन्ही पत्रे इंदूरची आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही १९७६ साली इंदूरच्या एका कन्याशाळेतून अकरावीची हायर सेकंडरी झालो. वर्गात आम्ही ४२ जणी होतो आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मराठी घरांतल्या होत्या. पन्नास वर्षे झाली म्हणून सगळ्यांनी एकत्र जमायचे ठरले, आणि शोधाशोध सुरू केल्यावर कळले की नऊ जणी आता या जगात नाहीत. चौघींचा पत्ताच लागत नाही. त्या चौघींपैकी एक लग्न होऊन भोपाळला गेली होती आणि डिसेंबर १९८४ नंतर तिचे पत्र कोणालाच आलेले नाही. गेलेल्या नऊ जणींपैकी एकीचा शेवट लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी स्टोव्हच्या भडक्याने झाला आणि त्याविषयी तेव्हा बरेच काही बोलले गेले. कार्यक्रमाच्या सुरुवातीला या सगळ्यांची नावे वाचावीत असे मी सुचवले, तर अर्ध्या मैत्रिणी म्हणाल्या की इतक्या वर्षांनी हसायला भेटतो आहोत, त्यात ही अभद्र यादी कशाला. काही जणी व्यासपीठावर हार घातलेले फोटो मांडायचे म्हणतात. योग्य काय? कोण कशाने गेली, हेही सांगावे का?

उत्तर : ताई, प्रथम त्या ‘अभद्र’ शब्दाविषयी. आपल्या घरात मुंज किंवा लग्न असते तेव्हा पुण्याहवाचनाबरोबर नांदीश्राद्ध होते. अंगावर नवी वस्त्रे असतात, दारी सनई वाजत असते आणि त्याच वेळी घरातल्या गेलेल्या माणसांचे स्मरण करून त्यांचा आशीर्वाद मागितला जातो. त्यावाचून पुढचे कार्य सुरू होत नाही. त्यामुळे गेलेल्यांचे नाव उच्चारल्याने मंगल प्रसंगाला उणेपणा येतो ही समजूत आपल्या परंपरेतून आलेली नाही, ती आपल्या मनातल्या धास्तीतून आलेली आहे. भाद्रपद वद्य पक्षात, म्हणजे आपले हिंदी शेजारी ज्याला आश्विनाचा कृष्णपक्ष म्हणतात त्याच पंधरवड्यात, महालय करताना आई-वडिलांच्या कुळांबरोबर गुरू, शिष्य आणि मित्र यांच्या नावानेही पिंड देण्याची पद्धत आहे. मित्राला रक्ताच्या नात्यांच्या पंगतीत बसवण्याचा हा विचार मला नेहमीच फार मोठा वाटत आला आहे.

अर्थात हे सारे पुरुषांनी पुरुषांसाठी केलेले विधी. त्याच पंधरवड्यात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढून ती फुलांनी सजवतात आणि संध्याकाळी तिची गाणी म्हणतात; तुमच्यापैकी कितीतरी जणी हिंदी मैत्रिणींच्या दारी संजेला गेल्या असतील आणि पुढे नवरात्रात त्यांना आपल्या भोंडल्याला घेऊन आल्या असतील. जिच्याबरोबर ती फुले गोळा केली, तिच्यासाठी कोणत्याही पोथीत जागा ठेवलेली नाही. ती जागा तुम्हालाच करावी लागणार आहे, आणि तुम्ही सुचवलेला मार्ग मला बरोबर वाटतो.

मात्र नावे वाचण्याआधी ती पारखून घ्या. मुलींच्या वर्गाची अडचण मुलांच्या वर्गाला ठाऊक नसते. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले की आडनाव, वडिलांचे नाव आणि बऱ्याचदा पहिले नावही एकाच दिवशी बदलत असे. त्यामुळे तुमची मैत्रीण ज्या नावाने गेली ते नाव तुम्ही कधी ऐकलेलेच नसते, आणि ज्या नावाने तुम्ही तिला शोधता ते तिच्या नातवंडांनाही माहीत नसते. ‘गेली म्हणे’ एवढ्या ऐकीव बातमीवरून जिवंत बाई मृतांच्या यादीत गेल्याचा एक प्रकार मी स्वतः पाहिला आहे. तिने स्वतःच फोन करून विचारले तेव्हा आयोजकांना कुठे तोंड लपवावे असे झाले होते. प्रत्येक नावामागे घरच्या एका तरी माणसाचा शब्द असल्याशिवाय ते यादीत घालू नका.

शोधाची सुरुवात शाळेच्या स्कॉलर रजिस्टरपासून करा. त्यात वडिलांचे नाव आणि त्या वेळचा पत्ता असतो. रामबाग, नारायणबाग किंवा लोकमान्यनगर अशा वस्त्यांत भावाचे किंवा भाच्याचे घर अजूनही सापडण्याची शक्यता असते. माहेरकडून सासरचे नाव कळले की पुढचे सोपे जाते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार ठरलेले शुल्क भरून कोणालाही नोंदवहीत शोध घ्यायला सांगता येते आणि नोंदीचा उतारा मागता येतो. शहरात हे काम महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात होते. त्यासाठी मृत्यूचे ठिकाण आणि अंदाजे साल मात्र हाताशी हवे.

भोपाळच्या मैत्रिणीबद्दल घाई करू नका. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायुगळती झाली, आणि त्यानंतर पत्र आले नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मन आपोआप त्यांची सांगड घालते. पण त्या दिवसांत कितीतरी कुटुंबे भोपाळ सोडून निघून गेली. आणि पत्रे थांबायला संसार, बदली किंवा हरवलेली पत्त्यांची वही एवढीही कारणे पुरतात. म्हणून ज्यांचा ठाव लागत नाही त्या चौघींची यादी वेगळी ठेवा, ‘यांचा शोध चालू आहे’ असे सांगून ती वाचा आणि जमलेल्यांना मदतीचे आवाहन करा. अशा वेळी मागच्या रांगेतून एखादी ‘अगं, तिची नणंद आमच्या कॉलनीत राहते’ असे म्हणते, हा अनुभव आहे.

आता वाचन कसे करावे हे सांगतो. हजेरीपटावर जसे होते तसे, म्हणजे मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव या क्रमाने वाचावे आणि त्यानंतर सासरचे नाव सांगावे. अनुक्रमही हजेरीपटाचाच ठेवावा; कोण आधी गेली आणि कोण नंतर, या हिशेबाला तिथे काही अर्थ नाही. काही संमेलनांत नाव पुकारल्यावर सगळ्यांनी मिळून ‘हजर’ म्हणायची टूम निघाली आहे. ती कृपया टाळा. पहिल्या नावाला डोळे भरून येतात, चौथ्या नावापासून ते नाटक होते.

नावापाठोपाठ तिच्याविषयी एकच वाक्य सांगावे, आणि ते जिने स्वतः पाहिले तिने सांगावे. ‘अत्यंत मनमिळाऊ आणि हसतमुख’ हे वाक्य नऊ जणींपैकी कोणालाही चिकटवता येते, म्हणून ते कोणाचेच नाही. त्याऐवजी ती शिवणाच्या तासाला चौघींची काजे करून द्यायची, किंवा संस्कृतच्या बाईंनी रूपे विचारली की पाण्याच्या खोलीत जाऊन बसायची, किंवा तिच्या डब्यातला साबुदाणा-वडा मधल्या सुट्टीपर्यंत कधी टिकला नाही, असे काही सांगा. तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी तिला पाहिले ते लग्नानंतर. परकर-पोलक्यातली किंवा शाळेच्या स्कर्टमधली मुलगी आता फक्त तुमच्या आठवणीत उरली आहे. माहेरची वडीलधारी माणसे गेल्यावर तिच्या त्या वर्षांचे साक्षीदार दुसरे कोणी राहत नाहीत. कार्यक्रमाला तिच्या मुलीला किंवा सुनेला अवश्य बोलवा, पण नावे वाचली जाणार आहेत हे त्यांना आधी सांगा.

फोटोंबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. घरून मिळणारे फोटो पन्नाशीतल्या-साठीतल्या बायकांचे असतील, तुम्हीच त्यांना ओळखणार नाही, आणि हार घातला की सभागृहाची शोकसभा होते. वर्गाचा सामूहिक फोटो असेल तर तो मोठा करून दाराशी लावा. त्यात सगळ्या ४२ जणी एकत्र आहेत.

मृत्यूचे कारण सांगू नये. मघाशी ज्या उताऱ्याचा उल्लेख केला त्यातही मृत्यूचे कारण दिले जात नाही, कायद्यातच तशी तरतूद आहे. तेवढा संयम आपणही पाळावा. स्टोव्हच्या भडक्याने गेलेल्या मैत्रिणीबाबत दोन टोके टाळावी लागतील. ‘देवाला आवडली’ असे म्हणू नका, कारण ते कोणालाच खरे वाटणार नाही. जेवणाच्या टेबलावर कुजबुजत जुन्या चर्चेची उजळणीही होऊ देऊ नका. तिची आई किंवा बहीण हयात असेल तर तुमच्यापैकी दोघींनी संमेलनाच्या आधी त्यांना भेटून यावे. त्यांना काही सांगायचे असेल तर तिथे ऐकावे, आणि व्यासपीठावर काय बोललेले चालेल तेही त्यांनाच विचारावे. बहुतेक घरांनी तो विषय चाळीस वर्षे बंद ठेवलेला असतो. तो उघडायचा की नाही हे त्यांनी ठरवायचे.

शाळेत स्मृतिपारितोषिक ठेवण्याचा विचार पुढे आला तर आधी हिशेब करा. वीस हजारांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला चौदाशे रुपये मिळतात. ते नऊ नावांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला दीडशेचा करंडक येतो. त्यापेक्षा नऊ जणींच्या नावाने वाचनालयाला एकदाच चांगली पुस्तके द्यावीत.

प्रश्न : शाळेत सहा वर्षे एका बाकावर बसलेल्या मित्राशी पुढे कर्जाच्या जामिनावरून बिनसले आणि तीस वर्षे आम्ही बोललो नाही. मी सुदामानगरला राहतो, तो विजयनगरला राहत होता. तो गेल्याचे मला आठ महिन्यांनी कळले. उठावना, म्हणजे इकडची शोकबैठक, झाला, तेरावा झाला. आता वहिनींना भेटायला जाणे विचित्र दिसेल का?

उत्तर : दिसेल, तरीही जा. इंदूरमध्ये सकाळच्या हिंदी वर्तमानपत्रातली उठावन्याची जाहिरात वाचूनच लोकांना बातमी कळते, आणि ती एका दिवशी नजरेतून सुटली की कायमची सुटते. त्यामुळे उशीर का झाला, हे वहिनींना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वर्षश्राद्धाच्या आधी जा. त्या दिवशी घरात माणसे असतात आणि दोन शब्द बोलायला सवड मिळत नाही. आधी मुलाला फोन करून वेळ ठरवा.

जाताना फळांच्या पिशवीबरोबर शाळेतला त्याचा एखादा फोटो किंवा तुमच्या वहीत राहिलेले त्याचे अक्षर, असे काही असेल तर त्याची प्रत घेऊन जा. वहिनींच्या ओळखीचा माणूस पंचविशीनंतरचा आहे. बारा ते अठराचा तुमच्याकडे आहे, आणि भांडणाची तीस वर्षे जमेस धरली तरी तो तुमच्याचकडे आहे. जामिनाचा विषय तुम्ही काढू नका, क्षमाही मागू नका, कारण मागितली की ती देण्याचे ओझे त्या बाईवर पडते. त्यांनीच विषय काढला तर जे घडले ते स्वतःची बाजू न सजवता दोन वाक्यांत सांगा. त्या कदाचित असेही सांगतील की तो तुमचे नाव घेत असे. तसे काही सांगितले नाही तर विचारू नका.

प्रश्न : आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका दिवंगत मित्राचा क्रमांक अजून तसाच आहे. काढून टाकायला हात धजत नाही. एकदा त्याच्या वाढदिवशी एकाने चुकून शुभेच्छाही पाठवल्या.

उत्तर : क्रमांक कायम त्याचाच राहील या समजुतीत राहू नका. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, पण त्यानंतर देता येतो. आणि तुमच्या आठवणी, फोटो व थट्टामस्करी एका अनोळखी माणसाच्या हाती जाण्याची वेळ येऊ शकते. घरच्या माणसांनी तो क्रमांक चालू ठेवला असेल तर तुमची सारी थट्टा त्याची पत्नी किंवा मुलगा वाचत असतो, हेही लक्षात घ्या. एकदा घरी फोन करून क्रमांक कोणाकडे आहे ते विचारा, मग काढा. काढण्याआधी त्याने ग्रुपवर पाठवलेले आवाजी संदेश उतरवून घ्या आणि ते घरी द्या; मोबाइल बदलला की असे संदेश अनेकदा हाती राहत नाहीत, आणि त्याच्या मुलांना त्याचा आवाज हवा असेल.