डेंग्यूचा खरा फैलाव रक्ततपासणीच्या पाहणीतून कसा काढायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: दवाखान्यांच्या नोंदीत डेंग्यू-चिकुनगुनियाचे रुग्ण मोजकेच दिसतात, मग लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी तपासून विषाणू खरोखर किती पसरलाय ते कळेल का, आणि पाहणी कशी करायची? कळतं. फक्त ‘इतक्या टक्के लोकांना लागण’ असा एकच आकडा काढून थांबू नका. खरी माहिती मिळते ती आकडे वयोगटांनुसार मांडल्यावर.

आधी आयजीएम की आयजीजी, अँटीबॉडीच्या या दोन प्रकारांपैकी कोणता मोजायचा ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं असतं. आयजीएम ताप आल्यापासून चार-पाच दिवसांनी दिसू लागते आणि साधारण दोन-तीन महिन्यांत ओसरते. आयजीजी थोडी उशिरा येते, पण अनेक वर्षं, बहुतेकदा जन्मभर टिकते. साथ नुकतीच येऊन गेली असेल आणि विषाणू त्या भागाला नवा असेल, तर आयजीएमची पाहणी उपयोगी. २००७ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या याप बेटांवर झिका विषाणूची साथ आली तेव्हा खात्रीचे रुग्ण ४९ आणि संभाव्य ५९ नोंदले गेले. घरोघरच्या रक्तपाहणीतून मात्र तीन वर्षांवरच्या सुमारे ७३ टक्के रहिवाशांना लागण होऊन गेल्याचं निघालं. डेंग्यूतही साधारण चारांपैकी तीन लागणी लक्षणांशिवाय किंवा किरकोळ तापावर निभावतात, त्यामुळे नुसत्या रुग्णसंख्येवरून फैलाव कधीच कळत नाही. जिथे डेंग्यू वर्षानुवर्षं आहे तिथे आयजीजी मोजा.

आयजीजी लागण कधी झाली ते सांगत नाही. ते वयावरून काढावं लागतं. समजा सात वर्षांच्या आसपासची ३० टक्के मुलं पॉझिटिव्ह आली. उरलेल्या ०.७० चा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, चिन्ह बदला आणि वयाने भागा: ०.३५७ भागिले ७, म्हणजे ०.०५१. अर्थ असा, की ज्यांना अजून डेंग्यू झालेला नाही त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ५ टक्क्यांना तो होतो. हाच वेग कायम राहिला असता तर सतराव्या वर्षी सुमारे ५८ टक्के पॉझिटिव्ह यायला हवेत. प्रत्यक्षात ७५ आले, तर पूर्वी फैलाव जास्त होता किंवा ही मुलं दुसरीकडून राहायला आली आहेत. म्हणून ‘इथे किती वर्षं राहता?’ हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच. चिकुनगुनियात बरेचदा वेगळंच चित्र दिसतं: एका वयापर्यंत जवळजवळ शून्य आणि त्यापुढे सगळ्या वयांत सारखाच आकडा. तसं दिसलं की समजा, एकच मोठी साथ येऊन गेली आणि त्यानंतर जन्मलेली मुलं कोरी आहेत.

त्यामुळे माझा भर मुलांवर असतो. जन्मापासून वर्षभरापर्यंतची बाळं वगळा, त्यांच्यात आईकडून आलेली आयजीजी असते. ५ ते ९ आणि १० ते १४ हे दोन गट पक्के धरा. जमलं तर १५ ते १९ चा घ्या. नऊ वर्षांचा आकडा वेगळा काढता आला तर उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेने टाक-००३ या डेंग्यूच्या लशीवरच्या २०२४ च्या भूमिकापत्रात, नवव्या वर्षापर्यंत किमान ६० टक्के पॉझिटिव्ह हा जास्त फैलावाचा निकष धरला आहे. रक्तपेढीत उरलेले नमुने स्वस्तात मिळतात, पण त्यात मुलं नसतात. रुग्णालयातल्या नमुन्यांत आजारी माणसंच जास्त.

नमुन्यांच्या संख्येत सगळ्यात जास्त गफलत होते. अंदाज ५० टक्के आणि चूक ५ टक्क्यांच्या आत हवी, तर सूत्र ३८४ सांगतं, आणि लोक तिथेच थांबतात. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास सहसा शे-दोनशे मीटरच्या परिसरातच फिरतो, त्यामुळे एका गल्लीत सगळे पॉझिटिव्ह आणि पलीकडच्या गल्लीत कोणीच नाही, असं होतं. एकाच वस्तीतल्या लोकांमधलं हे साम्य ०.०५ धरलं, तर वस्तीमागे ४० जण घेताना ३८४ चे सुमारे ११३० होतात. वस्तीमागे १० जणच घेतले तर ५६० पुरतात. वस्त्या वाढवा, वस्तीमागची माणसं कमी करा आणि एका घरातून एकच मूल, तेही चिठ्ठी टाकून निवडा. हा हिशेब प्रत्येक वयोगटासाठी वेगळा लागतो. वर १०-१५ टक्के नकारांसाठी धरा.

रक्त ३ ते ५ मिली पुरतं. साध्या नळीत अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोराने) १० मिनिटं फिरवा आणि सीरम, म्हणजे वर उरलेला द्रव, दोन-तीन लहान नळ्यांत वाटून ठेवा, म्हणजे तीच नळी पुन्हापुन्हा वितळवावी लागत नाही. न फिरवलेलं रक्त थेट बर्फाच्या पिशवीला टेकवू नका. पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि वाचन बिघडतं. सेंट्रिफ्यूज नसेल तर बोटाच्या रक्ताचे थेंब फिल्टर कागदावर घेता येतात, पण ते किमान चार तास, दमट हवेत रात्रभर, आडवे सुकवून ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत ठेवा. कागदाच्या नमुन्यांसाठी किटचा कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह ठरवण्याची सीमा, जसाच्या तसा चालत नाही. पन्नासेक जणांचं सीरम आणि कागद दोन्ही तपासून तो नव्याने ठरवावा लागतो.

एलायझात, म्हणजे अँटीबॉडी असल्यास रंग येणाऱ्या प्लेटवरच्या चाचणीत, बिघाड बहुधा धुण्यात होतो. प्लेटच्या खाचांत पाणी उरलं की पार्श्वभूमीचा रंग वाढतो आणि खोटे पॉझिटिव्ह येतात. प्लेट उलटी करून टिश्यूवर जोरात आपटा. प्लेट एकावर एक रचल्या तर कडेच्या खाचा आधी तापतात आणि त्यांचा रंग मधल्यांपेक्षा वेगळा येतो. प्रत्येक प्लेटवर तोच एक ओळखीचा नमुना ठेवून त्याचं वाचन लिहीत जा. काठावरचे निकाल पुन्हा तपासा, पुन्हा काठावरच आले तर तसेच नोंदवा.

मग दुरुस्ती. चाचणीची संवेदनशीलता (लागण झालेल्यांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात) ९० आणि विशिष्टता (लागण न झालेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह येतात) ९५ टक्के असेल, तर ३० टक्के पॉझिटिव्हचं खरं प्रमाण २९.४ निघतं, फारसा फरक नाही. पण ८ टक्के आले असतील तर खरं प्रमाण फक्त ३.५ आहे, आणि ४ आले असतील तर उत्तर शून्याखाली जातं. फैलाव कमी तिथे विशिष्टता हेच सगळं आहे, म्हणून तिचा आकडा किटच्या पत्रकावरून उचलू नका. त्या भागातल्या, लागण नसल्याची खात्री असलेल्या नमुन्यांवर तो काढा.

विशिष्टता बिघडवणारं मोठं कारण म्हणजे सरमिसळ. डेंग्यूची आयजीजी त्याच्याच फ्लेव्हीव्हायरस कुळातल्या झिका, वेस्ट नाइल, जपानी मेंदूज्वर यांच्या अँटीबॉडींशी मिसळते. जपानी मेंदूज्वर किंवा पीतज्वराची लस घेतलेल्यांतही. लसीकरणाचं कार्ड प्रत्यक्ष पाहा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. पॉझिटिव्हपैकी दहाएक टक्के आणि काही निगेटिव्ह नमुने प्लाक न्यूट्रलायझेशनला, म्हणजे सीरम कोणत्या विषाणूला निष्प्रभ करतं ते पाहणाऱ्या चाचणीला, पाठवा. त्याआधी सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. एका विषाणूविरुद्धचं टायटर (अँटीबॉडीची पातळी) इतरांच्या चौपट असेल तरच त्याचं नाव घ्या. दोन-तीन लागणी झालेल्यांत सगळीच टायटर चढलेली असतात, तिथे ‘फ्लेव्हीव्हायरस, नेमका ठरवता येत नाही’ असंच लिहा. चिकुनगुनिया वेगळ्या कुळातला असल्याने त्याची डेंग्यूशी गल्लत होत नाही. मायारो किंवा ओन्योंग-न्योंग हे चिकुनगुनियाच्या कुळातले विषाणू असलेल्या प्रदेशांत मात्र ती त्यांच्याशी होते.

एवढं करूनही यंदा फैलाव वाढला का, हे एका पाहणीतून कळत नाही. त्यासाठी डासांच्या हंगामाआधी आणि नंतर त्याच मुलांचं रक्त घ्या आणि निगेटिव्हपैकी किती पॉझिटिव्ह झाले ते मोजा. दोन्ही नमुने एकाच प्लेटवर शेजारी लावा, नाहीतर किटमधला फरक लागण म्हणून मोजला जाईल.

आणि पालकांना निकाल देताना पॉझिटिव्ह म्हणजे ‘आता संरक्षण मिळालं’ असं कुणालाही वाटू देऊ नका. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि वेगळ्या प्रकाराची दुसरी लागण पहिलीपेक्षा जास्त गंभीर होऊ शकते. अशा मुलाला ताप आला, आणि विशेषतः पोटात दुखणं, सतत उलट्या किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला सांगा. ही सूचना निकालाच्या कागदावरच छापा.