‘मी’ हरवल्यासारखं वाटलं तर

दहा दिवसांच्या ध्यानशिबिराहून परतलास आणि दादरच्या पुलावर ‘हे पाय कुणाचे चालताहेत?’ असं वाटलं, म्हणतोस. माझंही झालं होतं. हातात चहाचा कप, त्याची ऊब लागत होती, पण ती कुणाला लागतेय तेच सापडेना.

वेड लागलेलं नाही तुला. आपण स्वतःविषयीचे विचार घोळवत बसतो तेव्हा मेंदूतलं एक जाळं जागं असतं. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रायकल यांनी २००१ मध्ये त्याला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं. ध्यानात त्याची हालचाल मंदावते, आणि ‘मी’ची कडा पुसट होते.

थोडे दिवस ध्यानाची बैठक बंद ठेव. अनवाणी फरशीवर उभा राहा, नळाखाली मनगटं धर, गरम वरणभात खा, पोटभर झोप. लोकलच्या दारात मात्र अजिबात उभा राहू नकोस. तो अनुभव पुन्हा यावा म्हणून गांजाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नकोस, हे मी कळकळीने सांगतोय.

शांत वाटत असेल तर हरकत नाही. पण सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं होऊन भीती वाटत राहिली, झोप उडाली, तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठ. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट. आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.