तेल कोणासाठी?

प्रिय सोनू,

रविवारी मी तेलाची वाटी घेऊन तुझ्या मागे बसले, तेव्हा मान न वळवता तू विचारलेस, "आई, हे तेल माझ्या केसांसाठी आहे की तुझ्यासाठी?" मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनाला लागला.

नौपाड्याच्या घरी शनिवारी रात्री तेल आणि रविवारी सकाळी न्हाणे हा क्रम कधी चुकला नाही. शिकेकाई, रिठा, आवळकाठी आणि नागरमोथा आजी जांभळी नाक्यावरून आणून दळून घेत असे, आणि ते उकळलेले पाणी डोळ्यांत गेले की मी अशी किंचाळत असे की ताईमावशी खालून "पोरीला मारता की काय?" असे विचारी. विंचरताना निघालेले गुंतवळ आजी बोटाभोवती गुंडाळून डब्यात टाकी. केसांवर भांडी देणारी बाई दारावर आली की त्या डब्याच्या बदल्यात काहीतरी घरात येई. मी तुझ्या मागे घेऊन बसते ती वाटी त्यांतलीच आहे.

आजीचे सगळेच बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. घट्ट वेणीने केस वाढतात, असे ती ठामपणे सांगे; प्रत्यक्षात रोजच्या ओढीने मुळे दुखावतात, आणि माझ्या कानशिलांवरचे केस विरळ का, हे तू जुन्या फोटोंत पाहिलेच आहेस. कोंडा झाला की ती आणखी तेल थापी, त्याने तो वाढतच असे. टाळूबाहेर आलेला केस मृत असतो, त्यामुळे तेलाने तो लांब होत नाही, हेही खरे. मात्र खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातील प्रथिने कमी जातात. न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावण्याचा तिचा हट्ट, कारण ठाऊक नसतानाही, योग्यच होता.

केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. तुझी वेणी 40 सेंटीमीटरची आहे, म्हणजे तिचे टोक तीन वर्षांहून जुने, आपण ठाणे सोडून टोरांटोला आलो त्याच्याही आधीचे आहे. जुने टोकच आधी झिजते आणि दुभंगते, म्हणून तेलाची गरज टाळूपेक्षा तिथे अधिक असते. (हा हिशेब मी तुझ्या प्रश्नानंतर केला, आधी मीही आजीसारखी टाळूच चोळत होते.)

तेव्हा खरे उत्तर असे, की टोकांचे तेल तुझ्यासाठी आहे आणि टाळूवरची ती अर्ध्या तासाची चोळणी बहुधा माझ्यासाठी. ती तुला नको असेल तर नाही म्हण. मी रुसणार नाही, निदान फार वेळ नाही. वेणी कापायची असेल तरी मला आधी सांग, एवढेच.

वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. 24 अंशांखाली खोबरेल गोठते, त्यामुळे इथे ते बहुतेक गोठलेलेच असेल. वाटी गरम पाण्यात ठेव, मायक्रोवेव्हमध्ये नको, ती पितळेची आहे.

तुझी आई