‘मोठ्या प्रमाणावरील इष्टतमीकरण’ म्हणावे का?

गणिताच्या एका प्राध्यापकांच्या कारकिर्दीचा परिचय लिहिताना ‘लार्ज-स्केल ऑप्टिमायझेशन’ या त्यांच्या संशोधनविषयासाठी ‘मोठ्या प्रमाणावरील इष्टतमीकरण’ असे लिहावे का, अशी पृच्छा आहे. यातील ‘इष्टतमीकरण’ (दिलेल्या अटींत सर्वांत चांगले उत्तर शोधणे) निःशंकपणे वापरावे. ‘मोठ्या प्रमाणावरील’ मात्र टाळावे, असे माझे मत आहे.

लसावि-मसाविमुळे ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ आपल्या ओळखीचे आहेत. परंतु खर्च कमीत कमी हवा असतो आणि उत्पादन जास्तीत जास्त, म्हणून दोन्ही दिशांना सामावून घेणारा ‘इष्टतम’ येथे नेमका बसतो. त्याऐवजी सुचू शकणाऱ्या ‘पर्याप्त’ने ते काम होत नाही, कारण पर्याप्त म्हणजे पुरेसे. उदाहरणार्थ, अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषणघटकांची गरज भागवणारा स्वस्त आहार १९४५ मध्ये अंदाजाने शोधला, तो वर्षाला ३९.९३ डॉलरचा होता. पुढे १९४७ मध्ये गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांच्या ‘सिम्प्लेक्स’ या गणिती पद्धतीने त्याच प्रश्नाचे ३९.६९ डॉलर हे उत्तर मिळाले. पहिले उत्तर पुरेसे होते, दुसरे इष्टतम.

आता ‘मोठ्या प्रमाणावर’. ‘मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड झाली’ यात ती क्रियाच पुष्कळ झाली, असा अर्थ असतो; त्यामुळे प्राध्यापकांनी इष्टतमीकरण पुष्कळ केले, असा वाचकाचा समज होईल. प्रत्यक्षात मोठा असतो तो प्रश्न, म्हणजे त्यातील चलांची (ज्यांच्या किमती शोधायच्या त्या राशींची) आणि निर्बंधांची (पाळायच्या अटींची) संख्या. किती म्हणजे मोठी, हे हाताशी असलेल्या साधनांवर ठरते: वरचा आहाराचा प्रश्न सोडवायला गणनयंत्रांवर आकडेमोड करणाऱ्या ९ कारकुनांचे मिळून सुमारे १२० मनुष्यदिवस लागले होते, आज तो संगणकावर क्षणात सुटतो. शिवाय आकार वाढला की पद्धतही बदलावी लागते. सिम्प्लेक्स पद्धत शक्य उकलींच्या, म्हणजे सर्व निर्बंध पाळणाऱ्या उत्तरांच्या, क्षेत्राच्या कोपऱ्याकोपऱ्यांवरून जाते, तर गणितज्ञ नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत त्या क्षेत्राच्या आतून वाट काढते आणि अशा अंतर्मार्गी पद्धती अनेक मोठ्या प्रश्नांत सरस ठरतात.

म्हणून विशेषण प्रश्नालाच लागले पाहिजे. ‘बहुसंख्य चले आणि निर्बंध असलेल्या बृहदाकार प्रश्नांतील इष्टतमीकरण हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘बृहदाकार प्रश्न’ म्हणावे. ‘बृहदिष्टतमीकरण’ हा समास व्याकरणाने साधतो, पण त्यात विशेषण पुन्हा क्रियेलाच चिकटते आणि जीभही अडखळते.